शाळेचे कुलूप आणि धंद्याचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

शाळेला अचानक सुट्टी मिळाली की कोणाला आनंद होत नाही? ओढ्याला पूर यावा, गुरुजी पलीकडच्या काठावर अडकावेत आणि आपण दप्तर घरात टाकून पुन्हा पाण्याकडे धावावे, हा आनंद खेड्यातून आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी लुटलेला आहे. पण त्या आनंदाच्या तळाशी एक खात्री असते. उद्या नाही तर परवा पूर ओसरणार आणि शाळा भरणार! ही खात्रीच कोणी काढून घेतली तर? सरकारनेच दाराला कुलूप लावले आणि सांगितले की, 'घरी जा, आता ही शाळा भरणार नाही', तर?

मित्रहो, असे घडलेले आहे. तेही दुष्काळात नाही, युद्धात नाही, तर जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, विधिमंडळात रीतसर मतदान होऊन घडलेले आहे. यंदा आम्हाला इतिहासाच्या पेपरला अमेरिकेचा इतिहास आहे. आमच्या पुस्तकात १९५४ सालच्या निकालावर एकच परिच्छेद आहे. गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनेविरुद्ध आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, असे तो परिच्छेद सांगतो. त्यानंतर १९५७ साली आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी सैन्य पाठवावे लागले, असे एक वाक्य आहे. मग पुस्तक पुढे जाते. ते वाचताना वाटते की निकाल लागला, थोडी गडबड झाली आणि दारे उघडली. मला मात्र राहून राहून वाटू लागले की, निकालाचा कागद आणि वर्गातला बाक यांच्यामध्ये नेमके काय घडले असेल? कागद बाकापर्यंत कोण घेऊन गेले? ग्रंथालयात शोधत शोधत मी व्हर्जिनिया या दक्षिणेकडील राज्यापाशी येऊन थांबले. तिथे मला तीन हिशेब सापडले. एक राजकारण्यांचा, एक व्यापाऱ्यांचा आणि एक मुलांचा. ते तिन्ही हिशेब तुमच्यापुढे मांडावेत एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुलांपासूनच सुरुवात करते, कारण गोष्ट त्यांनीच सुरू केली.

व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा, पण पुष्कळ लहान प्रदेश. शेतीचा मुलूख, तंबाखूचे पीक आणि फार्मव्हिल हे बाजाराचे गाव. तिथे कृष्णवर्णीय मुलांसाठी मोटन हायस्कूल होते. १९३९ साली ती इमारत १८० विद्यार्थ्यांसाठी बांधली होती. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. जागा पुरेना म्हणून शाळेच्या आवारात लाकडी खोपटी उभारली आणि त्यांवर डांबरी कागद ठोकला. थंडीत प्रत्येक खोपटात एक शेगडी असे. शेगडीजवळ बसणारी मुले भाजून निघत आणि लांबची कुडकुडत. त्याच गावातल्या गोऱ्या मुलांच्या हायस्कूलला व्यायामशाळा होती, उपाहारगृह होते. मोटनच्या पालकांनी अर्ज केले, बैठकांना हजेरी लावली, आश्वासने ऐकली आणि घरी परतले. हे सारे आपल्या ओळखीचे आहे.

२३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स नावाच्या १६ वर्षांच्या मुलीने काय करावे? तिने आणि तिच्या काही सोबत्यांनी एक युक्ती केली. शाळेची मुले बसस्थानकावर अडचणीत सापडली आहेत, असा निरोप देऊन मुख्याध्यापकांना बाहेर पाठवले. मग सगळ्या मुलांना सभागृहात जमवले, शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली आणि व्यासपीठावरून सांगितले की, चांगली शाळा मिळेपर्यंत आपण वर्गात बसायचे नाही. साडेचारशे मुले तिच्यामागून बाहेर पडली. हा संप दोन आठवडे चालला. मुलांनी नागरी हक्कांच्या चळवळीतील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांना पत्र लिहिले. वकील आले आणि त्यांनी एक अट घातली. केवळ चांगल्या इमारतीसाठी आम्ही लढणार नाही. वेगळ्या शाळांची पद्धतच नको, असा दावा लावणार असाल तर येतो. मुले आणि त्यांचे पालक कबूल झाले. फ्रान्सिस ग्रिफिन या पाद्र्यांचे चर्च त्यांच्या पाठीशी उभे राहिले. २३ मे रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या नावाने दावा दाखल झाला. पुढे १९५४ च्या त्या प्रसिद्ध निकालात जे पाच दावे एकत्र केले गेले, त्यांतला हा एक. शाळकरी मुलांच्या संपातून जन्मलेला त्या पाचांतला हा एकमेव दावा होय.

बार्बराला मात्र तिच्या घरच्यांनी सुरक्षिततेसाठी अलाबामात चुलत्याकडे पाठवून दिले. तिचे उरलेले शालेय शिक्षण गावाबाहेर झाले. शाळेसाठी लढणारीलाच आपली शाळा सोडावी लागली! दावा चालू असतानाच, १९५३ साली, काउंटीने मोटनच्या मुलांसाठी नवी इमारत बांधून दिली. इमारत मिळाली तरी दावा मागे घेतला गेला नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. भूक लागलेल्याने भाकरी घेऊनही पंगतीचा हक्क सोडला नाही, असे म्हणता येईल.

आता राजकारण्यांचा हिशेब. त्या काळी व्हर्जिनियात हॅरी बर्ड या गृहस्थांचा शब्द चाले. १९२६ ते १९३० ते राज्याचे गव्हर्नर होते आणि १९३३ ते १९६५ अशी बत्तीस वर्षे सिनेटर. सफरचंदांच्या मोठ्या बागा त्यांच्या मालकीच्या होत्या आणि एक वर्तमानपत्रही होते. कर्ज काढायचे नाही आणि खिशात असेल तेवढेच खर्चायचे, हे त्यांच्या कारभाराचे सूत्र होते. ते ऐकायला किती शहाणपणाचे वाटते! परंतु त्या सूत्रामुळे शाळा, रस्ते, दवाखाने यांच्या वाट्याला काटकसरच आली. एवढे करूनही ते निवडून कसे येत? कारण मत देणारेच थोडे होते. मत देण्यासाठी वर्षाला दीड डॉलर कर भरावा लागे आणि तोही तीन वर्षांचा चुकता असावा लागे. निवडणुकीच्या सहा महिने आधी तो भरलेला हवा. तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या माणसाने साडेचार डॉलर मतासाठी वेगळे काढावेत कुठून? कृष्णवर्णीय तर गळालेच, गरीब गोरेही गळाले. मूठभरांच्या मतांवर सत्ता टिकत असेल, तर मूठभरांना खूश ठेवणे पुरते. हा कर राष्ट्रीय निवडणुकांपुरता १९६४ च्या घटनादुरुस्तीने आणि राज्याच्या निवडणुकांत १९६६ च्या न्यायालयीन निकालाने बंद झाला.

न्यायालयाचा निकाल अमलात येऊ द्यायचा नाही, अशी हाक बर्ड यांनी १९५६ च्या फेब्रुवारीत दिली. तिला 'प्रचंड प्रतिकार' असे नाव मिळाले. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदे केले. न्यायालयाच्या आदेशाने एखाद्या गोऱ्यांच्या शाळेत एकही कृष्णवर्णीय मूल दाखल होणार असेल, तर गव्हर्नरने ती शाळाच बंद करायची! विहिरीवर दुसऱ्याने पाणी भरू नये म्हणून विहीरच बुजवायची, असा हा न्याय.

हे नुसते धमकावणे नव्हते. १९५८ च्या सप्टेंबरात गव्हर्नर लिंडसे आल्मंड यांच्या हुकमाने कुलपे लागली. फ्रंट रॉयल येथील एक हायस्कूल, शार्लट्सव्हिलच्या दोन शाळा आणि नॉरफोक शहरातल्या सहा शाळा बंद झाल्या. सुमारे १३,००० मुले घरी बसली. त्यांपैकी सुमारे १०,००० एकट्या नॉरफोकची होती. आणि ती कशामुळे? नॉरफोकच्या त्या सहा शाळांत न्यायालयाने १७ कृष्णवर्णीय मुलांचा प्रवेश मान्य केला होता म्हणून. हा आकडा मी पुनःपुन्हा वाचला. १७ मुले आत येऊ नयेत म्हणून १०,००० मुलांना बाहेर काढले आणि बाहेर काढलेली ही मुले गोरी होती! ज्यांच्या हितासाठी म्हणून कायदा केला, त्यांच्याच शाळांना कुलूप लागले. द्वेष हिशेब करत नाही असे म्हणतात ते खोटे नाही. काही मुले चर्चमधल्या आणि घराघरांतल्या शिकवण्यांना गेली, काही शेजारच्या गावांत गेली आणि काहींनी शाळा कायमची सोडली. त्या वर्षी बाहेर पडायच्या तुकडीला नॉरफोकमध्ये 'हरवलेला वर्ग' असेच म्हणतात.

येथे तिसरा हिशेब सुरू होतो, तो व्यापाऱ्यांचा. दक्षिणेकडील राज्ये त्या काळात शेतीकडून कारखान्यांकडे वळू पाहत होती. उत्तरेकडील मोठ्या कंपन्यांनी आपल्याकडे कारखाने काढावेत, म्हणून प्रत्येक राज्य धडपडत होते. कारखाना काढायला येणारा माणूस जमीन, पाणी, वीज आणि मजुरी पाहतो. पण तो आपल्या अभियंत्यांना आणि कारकुनांना घेऊन येतो आणि त्या अभियंत्याच्या घरून प्रश्न येतो की, 'मुलांना घालायचे कुठल्या शाळेत?' शाळांनाच कुलूप असलेल्या गावात बिऱ्हाड कोण करील? नॉरफोकमध्ये तर नौदलाचा अवाढव्य तळ आणि त्याच्या भरवशावर चाललेली बाजारपेठ. १९५८ च्या डिसेंबरात रिचमंड या राजधानीच्या शहरातील एका क्लबात राज्यातले २९ बडे उद्योजक, बँकवाले आणि व्यापारी गव्हर्नर आल्मंड यांना भेटले. शाळांच्या या भांडणाने राज्याच्या उद्योगधंद्याला धक्का बसतो आहे, हे त्यांनी गव्हर्नरच्या कानावर घातले.

१९ जानेवारी १९५९ या एकाच दिवशी दोन निकाल लागले. राज्यात मोफत सार्वजनिक शाळा चालवणे हे राज्याच्याच घटनेने बंधनकारक केले आहे, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. शाळाबंदीने समानतेचा हक्क मोडतो, असे संघराज्याच्या न्यायालयाने सांगितले. गव्हर्नरसाहेबांनी दुसऱ्या दिवशी मोठे तिखट भाषण केले खरे, पण आठवडाभरातच त्यांचा सूर उतरला. २६ जानेवारीला नॉरफोकच्या वर्तमानपत्रात १०० व्यावसायिकांच्या सह्यांचे एक निवेदन छापून आले. आम्हाला वेगळ्या शाळाच अधिक पसंत आहेत, परंतु कायद्याला आवश्यक असेल तेवढे एकत्रीकरण स्वीकारून शाळा उघडा, असा त्याचा आशय होता. २ फेब्रुवारी १९५९ रोजी शाळा उघडल्या. नॉरफोकमध्ये १७ आणि आर्लिंग्टनमध्ये ४ अशी २१ कृष्णवर्णीय मुले पोलीस बंदोबस्तात, पण रक्तपाताविना, गोऱ्या मुलांबरोबर वर्गात बसली. शाळाबंदीविरुद्ध सातत्याने अग्रलेख लिहिणारे नॉरफोकचे संपादक लेनॉर चेंबर्स यांना १९६० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

इथपर्यंत वाचले तेव्हा मला बरे वाटले. चला, माणुसकीने नाही तर धंद्याने तरी दार उघडले! घरी गेले तेव्हा ही सगळी हकिगत मी आईला सांगितली. माझी आई विड्या वळते. हातातले पान, पानातली तंबाखू आणि बोटांवरचा दोरा यांवरून तिची नजर सहसा हलत नाही. व्हर्जिनियातले शेतकरी तंबाखू पिकवत, हे ऐकल्यावर मात्र तिने मान वर केली. कोर्टाचे काय, गव्हर्नरचे काय, याबद्दल तिने काही विचारले नाही. तिने विचारले, "आणि अगं, जिच्यापासून हे सुरू झालं, त्या पोरीच्या गावची शाळा? ती उघडली का?"

मी तोवर पुढचे पुस्तक वाचलेले नव्हते. ते वाचले आणि कळले की खरी गोष्ट तिथेच होती.

नॉरफोकची शाळा उघडली, पण प्रिन्स एडवर्डची बंद झाली. राज्याने शाळा बंद करायची नाही असे ठरले तेव्हा काउंटीच्या कारभाऱ्यांनी दुसरी वाट काढली. १९५९ च्या जूनमध्ये त्यांनी शाळांसाठी कर बसवण्यासच नकार दिला. पैसा नाही म्हणून शाळा नाही! सप्टेंबरात काउंटीतली प्रत्येक सार्वजनिक शाळा बंद राहिली. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा लगेच सुरू झाली. आधी चर्चमध्ये आणि मिळेल त्या इमारतीत आणि पुढे स्वतःच्या वास्तूत. १९६० मध्ये तिच्या शुल्कासाठी राज्याकडून अनुदान आणि काउंटीकडून करात सूट मिळू लागली. ती १९६१ मध्ये न्यायालयाने रोखली. कृष्णवर्णीयांसाठीही वेगळी खासगी शाळा काढून देऊ, असा एक प्रस्ताव गोऱ्या पुढाऱ्यांनी मांडला होता. त्यासाठी जवळजवळ कोणीच अर्ज केला नाही. तो स्वीकारला असता तर दावाच निरर्थक झाला असता. आपल्या मुलाचे आजचे शिक्षण आणि सर्वांच्या मुलांचा उद्याचा हक्क यांतून एक निवडायची वेळ त्या आईबापांवर आली. आपण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांची शाळा गेली आणि खासगी शाळेचे शुल्क न परवडणारी काही गोरी मुलेही त्यांच्याबरोबर शाळेवाचून राहिली. ज्यांचे नातेवाईक दुसऱ्या काउंटीत किंवा उत्तरेत होते त्यांनी मुलांना तिकडे धाडले. वरच्या वर्गातील सुमारे ६० मुलांना नॉर्थ कॅरोलिनातल्या किट्रेल कॉलेजने आसरा दिला. क्वेकर पंथाच्या सेवासंस्थेने काही डझन मुलांची सोय दूरच्या कुटुंबांत केली. बाकीच्यांसाठी चर्चच्या तळघरांत शिकवण्या चालल्या. पुष्कळांसाठी तेही नव्हते. ती मुले शेतावर गेली. १९५९ साली सहा वर्षांचे असलेले मूल दहा वर्षांचे झाले तरी त्याने शाळेची पायरी चढलेली नव्हती.

नॉरफोकची शाळा पाच महिन्यांत उघडली आणि प्रिन्स एडवर्डची पाच वर्षे बंद राहिली, असे का? कायदा तोच, राज्य तेच, न्यायालये तीच. मला तरी याचे एक मोठे कारण असे दिसते की, नॉरफोकमध्ये शाळा बंद ठेवणे महाग पडत होते आणि प्रिन्स एडवर्डमध्ये ते स्वस्त पडत होते. नॉरफोकमध्ये १०,००० गोऱ्या मुलांचे आईबाप ओरडत होते, बंदर होते, बँका होत्या. प्रिन्स एडवर्डमध्ये पैसेवाल्यांच्या मुलांची सोय झालेली होती. शाळेचा खर्च वाचल्याने करही कमी झाला होता! कोणता उद्योगपती रिचमंडच्या क्लबात जाऊन तंबाखूच्या शेतातल्या १,७०० मुलांसाठी रदबदली करणार? धंद्याने दार उघडले खरे, पण त्याला गरज होती तेवढेच. त्या १०० सह्यांच्या निवेदनातले 'कायद्याला आवश्यक असेल तेवढे' हे शब्द मला म्हणूनच बोचतात. त्या निवेदनानंतर कित्येक वर्षे व्हर्जिनियातल्या शाळांत एकत्रीकरण नावापुरतेच राहिले. 'ज्याला हवी त्याने हवी ती शाळा निवडावी' या गोंडस योजनेआड जुनीच विभागणी चालू राहिली आणि १९६८ साली व्हर्जिनियातल्याच न्यू केंट काउंटीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

म्हणून मी व्यापाऱ्यांना नावे ठेवणार नाही. त्या २९ जणांनी तोंड उघडले नसते तर कदाचित आणखी शाळांना कुलूप लागले असते. हिशेबी माणूस द्वेषाच्या माणसापेक्षा बरा, कारण त्याला नुकसान कळते. परंतु हिशेबी माणसाच्या वहीत ज्यांचे नावच नाही, त्यांनी काय करायचे? प्रिन्स एडवर्डच्या लोकांनी त्याचे उत्तर शोधले. १९६३ च्या उन्हाळ्यात शाळेला मुकलेली मुले फार्मव्हिलच्या बाजारपेठेत फलक घेऊन उभी राहिली. ज्या दुकानांत आमचे पैसे चालतात पण ज्या गावात आमची शाळा चालत नाही, तिथे खरेदी करू नका, असे सांगू लागली. अनेकांना अटक झाली. दुकानदाराच्या वहीत आपले नाव लिहून घेण्याचा तो एक मार्ग होता. त्याच वर्षी सप्टेंबरात केनेडी सरकारच्या प्रयत्नांनी आणि खासगी देणग्यांतून मोफत शाळा उघडल्या आणि दीड हजारांहून अधिक मुले पुन्हा वर्गात आली. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. काउंटीने शाळा बंद ठेवून गोऱ्यांच्या खासगी शाळेला हातभार लावणे हे घटनेविरुद्ध आहे. आता दिरंगाईची मुदत संपली आहे, असे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले. या निकालावर ग्रिफिन यांचे नाव आहे. ज्या पाद्र्यांनी १९५१ मध्ये मुलांना आधार दिला, त्यांच्याच मुलांच्या नावाने हा दावा होता.

पुढच्या खेपेला घरी गेले तेव्हा हे सारे मी आईला सांगितले. तिने गठ्ठ्यातल्या पंचवीस विड्या बोटांनी मोजल्या, दोरा बांधला आणि म्हणाली, "ते झालं. पण त्या पोरांची पाच वर्सं कुणी भरून दिली?"

या प्रश्नाला कोणत्याही न्यायालयाजवळ उत्तर नव्हते. माझी आई सातवीपर्यंत शिकली. गावातली शाळा तेवढीच होती आणि आठवीसाठी तालुक्याला जावे लागे. "एक वर्ष थांब, पुढच्या वर्षी बघू," असे तिला घरी सांगितले गेले. ते एक वर्ष अजून संपलेले नाही. आमच्या गावच्या शाळेला कोणी द्वेषाने कुलूप लावले नव्हते आणि व्हर्जिनियातल्या त्या अन्यायाशी याची बरोबरी करणे योग्यही होणार नाही. तरी एक गोष्ट मला तिच्याकडे पाहूनच समजली. धंद्यात एका वर्षी तोटा आला तर पुढच्या वर्षी तो भरून काढता येतो, निवडणुकीत पडलेला माणूस पाच वर्षांनी पुन्हा उभा राहतो, पण मुलाचे गेलेले वर्ष पुढच्या पानावर ओढता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला पुन्हा सहा वर्षांचे करता येत नाही.

हा अमेरिकेचा प्रश्न आपल्याला परका नाही, हे महात्मा फुले यांनी दीडशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. आपल्या इकडचीही एक नोंद आहे. १८५६ साली मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. सरकारने तो नाकारला. न्याय त्याच्या बाजूला असला, तरी एकासाठी इतरांची शाळा निरुपयोगी होण्याचा धोका पत्करता येत नाही, असे त्याचे कारण दिले. नॉरफोकच्या १७ आणि १०,००० या आकड्यांत मला धारवाडचा तो एकटा मुलगा दिसला. बहुसंख्यांच्या सोयीचा हिशेब मांडला की एकट्याचा हक्क नेहमीच महाग ठरतो. म्हणूनच हक्क ही हिशेबाने ठरवायची गोष्ट नव्हे.

व्हर्जिनियाने पुढे पश्चात्ताप व्यक्त केला. प्रिन्स एडवर्डच्या शाळा बंद केल्याबद्दल तिथल्या विधिमंडळाने २००३ साली खेद व्यक्त करणारा ठराव केला. त्या शाळाबंदीत शिक्षण हुकलेल्यांसाठी २००४ साली शिष्यवृत्ती सुरू झाली. १० लाख डॉलर राज्याने दिले आणि तेवढेच जॉन क्लूगे या उद्योगपतीने दिले. धंद्याच्या वहीतून या मुलांसाठी अखेर काही निघाले, पण तेव्हा ती मुले साठीच्या आसपास पोहोचलेली होती. जुने मोटन हायस्कूल आज संग्रहालय झाले आहे. वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियातर्फे जनरल ली यांचा पुतळा उभा होता. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूने लढलेले हे सेनापती. तो पुतळा २०२० च्या डिसेंबरात हलवला गेला आणि त्याच्या जागी बार्बरा जॉन्सच्या पुतळ्याची निवड झाली. बार्बरा १९९१ मध्येच वारली होती. पुढच्या आयुष्यात ती ग्रंथपाल झाली होती, हे वाचून मला का कोण जाणे, फार बरे वाटले.

आपल्यापैकी अनेकजण आपापल्या घरातले कॉलेजात आलेले पहिलेच आहोत. आपण इथवर आलो ते कोणाच्या तरी वहीत आपण परवडलो म्हणून, की आपला तो हक्क होता म्हणून? पहिले उत्तर खरे असेल तर उद्या आपण परवडेनासे झालो की दार पुन्हा लागेल. दुसरे उत्तर खरे करायचे असेल, तर ज्यांचे नाव अजून कोणत्याच वहीत नाही त्यांच्यासाठी आपल्याला बोलावे लागेल, आणि तेही त्यांची वर्षे निघून जाण्याच्या आधी. सोळा वर्षांच्या मुलीला ते जमले. आपण तर तिच्याहून दोन-चार वर्षांनी मोठे आहोत.